जनरेटर घराला जोडायचाय? आधी चेंजओव्हर बसवा

पावसाळा तोंडावर आला की मला एकाच साच्याचे फोन सुरू होतात. "ती दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून द्याल का? जनरेटर आणलाय. हॉलमधल्या सॉकेटात घातला की घरभर लाइट येईल ना?" मी नाही म्हणतो. "अहो, मेन स्विच बंद करूनच लावणार आहे." तरीही नाही. मग समोरचा जरा नाराज होऊन फोन ठेवतो, आणि पुढच्या गल्लीतला कुणीतरी दीडशे-दोनशे रुपयांत ती वायर त्याच्या हातात ठेवतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी कर्वेनगरात राहतो, इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा परवाना आहे. कामं बहुतेक बावधन, भूगाव, धायरी, किरकटवाडी या पट्ट्यातली: बंगले, रो-हाउस, प्लॉटवरची घरं. गुरुवारचं दुरुस्तीचं शटडाउन पुणेकराला नवीन नाही. त्याची घरात तयारी असते, टाकी भरलेली, फोन चार्ज केलेले. त्रास होतो तो वळवाच्या पावसात फांदी तारांवर पडली किंवा रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडली की. तेव्हा चार तास म्हणतात आणि रात्र जाते. इन्व्हर्टरची बॅटरी तोवर मान टाकते, आणि लोक तीन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेऊन येतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल तर हे तुमच्यासाठी नाही. बाल्कनीत, डक्टमध्ये, जिन्याखाली, टेरेसला लागून असलेल्या खोलीत, कुठेही पोर्टेबल जनरेटर चालवायचा नाही. फ्लॅटवाल्यांनी बॅटरी वाढवावी किंवा सोसायटीच्या डीजीवरून, म्हणजे डिझेल जनरेटरवरून, आपल्या फ्लॅटला लाइन मिळते का ते कमिटीला विचारावं. नव्या सोसायट्यांत बिल्डरने डीबीजवळ (घरातल्या स्विचांच्या मुख्य पेटीजवळ) एसीसीएल नावाचा स्विच बसवलेला असतो. तो लाइट गेल्यावर आपोआप डीजीवर जातो आणि ठरलेल्यापेक्षा जास्त लोड लावला की कापतो. तो असेल तर त्याला हात लावू नका.

आता ती वायर. तिचा पहिला धोका उघडा आहे. जनरेटर चालू असताना भिंतीतला प्लग निसटला, तर हातात राहिलेल्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. सॉकेटची भोकं झाकलेली असतात ती याचसाठी. वीज येणारी बाजू नेहमी भोकांची आणि घेणारी बाजू पिनांची, हा साधा नियम ही वायर उलटा करून टाकते.

दुसरा धोका दिसत नाही. मेन बंद करायला विसरलात, किंवा तुम्ही केलात आणि घरातल्या दुसऱ्या कुणी "मेन का पडलाय?" म्हणून वर केला, की जनरेटरची वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते. काही जण मला सांगतात, "पण मी एकदा विसरलो होतो, जनरेटर लगेच ट्रिप झाला, काही झालं नाही." बरोबर आहे. आख्ख्या गल्लीचा लोड त्याच्यावर आला, तो दमला आणि बंद पडला. पण तुमच्या घरापाशीच फ्यूज उडाला असेल, किंवा केबल तुटून फक्त दोन-तीन घरं त्या तुकड्यावर उरली असतील, तर जनरेटर आरामात चालू राहतो, आणि पोलवर चढलेल्या लाइनमनच्या हातात तुमच्या घरातली वीज असते. डीपीपर्यंत रस्ता मोकळा असेल तर आणखी वाईट. डीपीतला ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो, पण त्याला दिशा कळत नाही. खालून वीज घातली की तोच ट्रान्सफॉर्मर ती वर चढवतो, आणि ज्या तारा सगळ्यांनी मेल्या समजल्या आहेत त्यांच्यावर हजारो व्होल्ट उभे राहतात. लाइनमनने काम सुरू करण्यापूर्वी लाइन तपासून अर्थ करायची, म्हणजे जमिनीशी जोडायची असते, हे खरं. पण त्याच्या परमिटवर फीडरचं नाव असतं, तुमच्या बंगल्याचं नसतं.

आणि जनरेटर जोडलेला असताना महावितरणची लाइट आली तर? दोन्हीकडची वीज एका तालात नसते. झटका बसतो तो तुमच्या जनरेटरला. वाइंडिंग जळतं, कधी आगही लागते. वॉरंटीत हे बसत नाही.

म्हणून माझं सगळं म्हणणं एका वाक्यात मावतं: जनरेटर आणि महावितरण एकाच वेळी घराला लागणं शक्यच नसलं पाहिजे. लक्षात ठेवून नाही, चिठ्ठी लावून नाही, लोखंडाने अडवून. ते लोखंड म्हणजे चेंजओव्हर स्विच.

चेंजओव्हर कसला घ्यायचा

सिंगल फेज घरासाठी दोन पोलचा, म्हणजे एकदम दोन तारा तोडणारा, थ्री फेजसाठी चार पोलचा. त्यावर तीन जागा असतात: एक, शून्य, दोन. एकवर महावितरण, दोनवर जनरेटर, शून्यावर काहीच नाही. दांडा एकच असल्यामुळे एकवरून दोनवर जाताना शून्य ओलांडावंच लागतं, आणि दोन्ही बाजू एकदम लागत नाहीत. पुण्याच्या इलेक्ट्रिक बाजारात, तपकीर गल्लीत, दोन एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारे स्विच) शेजारी-शेजारी लावून "हाच चेंजओव्हर" म्हणून देणारेही भेटतील. दोघांच्या मध्ये मेकॅनिकल इंटरलॉक नसेल, म्हणजे एक वर असताना दुसरा वर करताच येणार नाही अशी पट्टी नसेल, तर तो चेंजओव्हर नाही, दोन एमसीबीच आहेत. दुकानातच दोन्ही वर करून बघा. झाले, तर परत द्या.

रेटिंग निवडताना बहुतेक लोक जनरेटर बघतात. "माझा तर १३ अँपिअरचा आहे, मग २५चा स्विच पुष्कळ झाला." वर्षातले बहुतेक सगळे दिवस त्या स्विचमधून महावितरणची वीज जाणार आहे, गीझर, एसी, ओव्हन सगळ्यांसकट. त्यामुळे मेनला ४० अँपिअर असेल तर चेंजओव्हर ४०चा किंवा त्याहून मोठा, ६३चा. छोटा बसवला तर तो जनरेटरवर कधीच जळणार नाही, डिसेंबरात सकाळी गीझर लागल्यावर जळेल.

फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. पैसे वाचवायला फक्त फेज बदलणारा स्विच बसवून न्यूट्रल दोन्हीकडे कॉमन ठेवणारे वायरमन मी पाहिले आहेत. ते करू देऊ नका. का, ते खाली अर्थिंगच्या भागात येईल. अर्थची हिरवी वायर मात्र कधीच, कुठल्याही स्विचमधून न्यायची नाही. ती सलग.

जोडणीचा क्रम असा: मीटर, मग मेन एमसीबी, तिथून चेंजओव्हरची एक नंबरची बाजू. जनरेटरकडून येणारी केबल आधी एका डबल पोल एमसीबीत आणि तिथून दोन नंबरच्या बाजूला. मधल्या टर्मिनलवरून घराचा डीबी. बाहेरच्या भिंतीवर, पावसाचं झाकण असलेला निळा इंडस्ट्रियल इनलेट. त्यात पिना भिंतीच्या बाजूला असतात आणि केबलच्या टोकाला भोकांचा कनेक्टर. म्हणजे केबल निसटली तरी जिवंत टोक झाकलेलंच राहतं. तीन केव्हीएला १६ अँपिअरचा इनलेट आणि अडीच चौरस मिलिमीटरची तीन कोअरची तांब्याची फ्लेक्झिबल केबल चालते. पाच केव्हीएचा जनरेटर पूर्ण लोडवर २२ अँपिअरच्या आसपास देतो, तिथे ३२चा इनलेट आणि चार चौरस मिलिमीटर. केबलच्या टोकांना लग, म्हणजे तारेवर बसणारी धातूची टोपी, दाबून घ्या. तारा नुसत्या पिळून स्क्रूखाली घातल्या की जनरेटरच्या थरथरीने सहा महिन्यांत सैल होतात.

हे काम स्वतः करू नका. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ सालचे सुरक्षा नियम आहेत, आणि घरातल्या वायरिंगमधला असा बदल परवाना असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचा असतो. नियम सोडा, मेन एमसीबी पाडल्यावरही त्याच्या मीटरकडच्या स्क्रूंवर वीज असते, आणि ती घरातून बंद करता येत नाही. हा लेख तुम्हाला वायरमन करायला नाही. आलेला माणूस नीट करतोय की नाही, हे तुम्हाला उभ्या उभ्या कळावं म्हणून आहे.

आख्खं घर की थोडंसंच

तीन केव्हीएवर आख्खा बंगला चालत नाही, मग आख्खा डीबी चेंजओव्हरवर घेऊन काय करायचं? घेतला, तर दर वेळी कुणीतरी गीझर, एसी, पंपाचे एमसीबी आठवणीने पाडायला हवेत. माझी पसंती वेगळी: गरजेच्या सर्किटांचा छोटा वेगळा डीबी. दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही-राउटर, स्वयंपाकघरातलं एक सॉकेट. फक्त तो डीबी चेंजओव्हरवर. गीझर जनरेटरवर लागूच शकत नाही, त्यामुळे पाहुणे आले तरी चिंता नाही.

पण इथे एक खोडी आहे आणि बहुतेक कामं तिथेच फसतात. ज्या सर्किटांचे फेज नव्या डीबीत नेले, त्यांचे न्यूट्रलही तिथेच आले पाहिजेत. आपल्याकडे जुन्या घरांत वायरिंग करताना हॉलच्या पंख्याचा न्यूट्रल बेडरूमच्या बोर्डातून उचललेला असतो, कारण तो जवळ पडला. महावितरणवर हे वर्षानुवर्षं चालून जातं. जनरेटरवर आलात की फेज एकीकडून, न्यूट्रल दुसरीकडे. मग एक तर तो पंखा फिरत नाही, नाही तर आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडतो आणि वायरमन म्हणतो "आरसीसीबी खराब आहे, काढून टाकू." काढू देऊ नका, आरसीसीबी खरं बोलतोय.

तपासायची रीत सोपी आहे, समोर उभं राहून करून घ्या. मेन बंद. घरातले सगळे स्विच बंद, सगळे प्लग बाहेर. नव्या डीबीची न्यूट्रल पट्टी जुन्या पट्टीपासून पूर्ण सुटी. आता मल्टिमीटर बझरवर ठेवून एक टोक या पट्टीला, एक त्या पट्टीला. बझर वाजला तर घरात कुठेतरी न्यूट्रल मिसळलेले आहेत. मग एकेक न्यूट्रल सोडत जायचं, ज्याच्यावर आवाज थांबेल ते सर्किट चोर. बावधनला एका काकूंच्या बंगल्यात या शोधात आमची आख्खी दुपार गेली. शेवटी देवघराच्या दिव्याचा न्यूट्रल जिन्याच्या दिव्याला जोडलेला सापडला, भिंतीतल्या एका जंक्शन बॉक्समध्ये, वरून प्लास्टर करून रंग मारलेल्या. काकू म्हणाल्या, "रंगवायला बरा वेळ मिळाला त्यांना."

अर्थिंग, आणि दोन्ही भोकांत लागणारा टेस्टर

नवा जनरेटर आणलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न: "सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतोय, जनरेटर फॉल्टी आहे का?" नाही. बहुतेक पोर्टेबल जनरेटरांत न्यूट्रल तरंगता असतो, म्हणजे बॉडीशी किंवा जमिनीशी जोडलेलाच नसतो. मग दोन्ही तारा जमिनीच्या हिशेबात अर्ध्या-अर्ध्या व्होल्टेजवर बसतात आणि टेस्टर दोन्हीकडे मिणमिणतो. जनरेटरला थेट एखादा बल्ब किंवा ड्रिल लावण्यासाठी ही रचना ठीक आहे. घराला जोडलात की प्रश्न येतो. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची गळती ओळखतो ती फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांतल्या फरकावरून, आणि हा फरक पडतो काही करंट जमिनीतून परत गेल्यामुळे. न्यूट्रल तरंगत असेल तर गळतीला परतीची वाटच नसते, आणि शॉक बसायची वेळ आली तरी आरसीसीबी ढिम्म.

उपाय: जनरेटरचा न्यूट्रल आणि अर्थ एकाच जागी, जनरेटरच्या बाजूला, चेंजओव्हरच्या आधी जोडायचा. मात्र आधी जनरेटरचं पुस्तक वाचा. कंपनी परवानगी देते का, आणि आतून तो आधीच जोडलेला तर नाही ना, हे बघितल्याशिवाय कुणालाही जंपर, म्हणजे जोडतार, मारू देऊ नका. आणि हा जोड तेव्हाच बरोबर ठरतो जेव्हा चेंजओव्हर न्यूट्रलही तोडतो. कॉमन न्यूट्रल ठेवून हा जोड केला तर महावितरणवर चालतानाही घरात न्यूट्रल आणि अर्थ एक झालेले राहतात, न्यूट्रलचा करंट अर्थच्या वायरीतून फिरायला लागतो आणि आरसीसीबी वेड्यासारखा पडतो. दोन पोलचा आग्रह का, ते आता कळलं असेल.

जोडणी झाल्यावर जनरेटरवर असताना आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायचंच, पण तेवढ्यावर थांबू नका. ते बटण आतल्या आतच गळती तयार करतं, म्हणून तरंगत्या न्यूट्रलवरही आरसीसीबी पडतो आणि सगळं ठीक वाटतं. खरी परीक्षा फेज आणि अर्थच्या मध्ये आरसीसीबी टेस्टर लावून होते. तो कॉन्ट्रॅक्टरकडे असायला हवा.

अर्थिंगचा खड्डा जनरेटर येण्याआधी तपासून घ्या. पुण्याच्या पश्चिमेला टेकड्यांच्या कडेने वीतभर मातीखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. खड्डा खोल जात नाही, आणि जो जातो तो एप्रिल-मेमध्ये कोरडा ठाक पडतो. पावसाळ्यात चांगलं रीडिंग देणारा खड्डा उन्हाळ्यात कितीतरी पट खराब झालेला मी मोजला आहे. आम्ही घरासाठी ५ ओमच्या आत बघतो. येत नसेल तर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडायचे, किंवा केमिकल अर्थिंग. आणि उन्हाळ्यात अधूनमधून त्यात बादलीभर पाणी ओतायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

थ्री फेज घर, सिंगल फेज जनरेटर

हे फार ठिकाणी असतं. चार पोलच्या चेंजओव्हरच्या जनरेटर बाजूला तिन्ही फेज एकत्र जंपर करून सिंगल फेज देतात, म्हणजे घरातले सगळे दिवे लागतात. चालतं, पण एका अटीवर: थ्री फेज मोटर त्या डीबीवर असता कामा नये. बोअरच्या थ्री फेज पंपाला तिन्ही तारांवर एकच फेज मिळाला तर त्याला फिरायला काही उरतच नाही. स्टार्टरमध्ये चांगला प्रिव्हेंटर (फेज बिघडले की मोटर बंद करणारा) असेल तर वाचेल, नसेल तर नाही. पंपाची लाइन चेंजओव्हरच्या आधीच, महावितरणच्या बाजूने काढा. फेज सिलेक्टरच्या (कुठला फेज घ्यायचा ते निवडायच्या स्विचच्या) एखाद्या मोकळ्या बिंदूवर जनरेटर लावायची टूम कुणी सुचवली तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. तो सिलेक्टर न्यूट्रल तोडत नाही.

सोलर आणि इन्व्हर्टर

छतावर नेट मीटरिंगचं सोलर असेल तर त्याची जोडणी चेंजओव्हरच्या महावितरण बाजूलाच हवी. असा ग्रिड-टाय, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडूनच चालणारा इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःहून बंद होतो, तसाच तो बनवलेला असतो. पण घराच्या बाजूला जोडलेला असेल तर त्याला जनरेटरची ५० हर्ट्झ वीज दिसते, "ग्रिड आली" समजून तो चालू होतो आणि दुपारच्या उन्हात दोन-तीन किलोवॅट जनरेटरमध्ये ढकलायला बघतो. छोटा जनरेटर ते पचवू शकत नाही. सोलर बसवणाऱ्याने वायर कुठे टेकवली आहे ते बघून घ्या, त्याने जागा निवडताना जनरेटरचा विचार केलेला नसतो.

बॅटरीचा इन्व्हर्टर जनरेटरवर चार्ज होतो, पण दोन गोष्टी बघा. त्याचा मोड यूपीएसवर असेल तर जनरेटरचं हललेलं व्होल्टेज तो नाकारतो आणि सारखं टकटक करत बॅटरीवर जातो. मागचं बटण नॉर्मलवर करा. दुसरं, उतरलेली बॅटरी सुरुवातीला चार-पाचशे वॉट किंवा जास्तही खाते. ते लोडच्या हिशेबात धरायचं असतं.

हिशेब कागदावर

तीन केव्हीए म्हणजे तीन हजार वॉट नव्हे. साध्या जनरेटरला पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर २,४०० वॉट, आणि सतत चालवायचा तर त्याच्या पंचाहत्तर-ऐंशी टक्के, म्हणजे १,९००च्या आसपास. त्यात काय बसतं बघा. नऊ वॉटचे पंधरा दिवे १३५. जुने पंखे ७५ वॉटचे, चार लावले तर ३००. फ्रिज चालू असताना २०० धरा. टीव्ही आणि राउटर १५०. झाले ७८५. इन्व्हर्टरची चार्जिंग ४००, म्हणजे ११८५. आता स्वयंपाकघरात कुणी ७५० वॉटचा मिक्सर लावला की १९३५, गाडी काठावर. मिक्सर चालेपर्यंत इन्व्हर्टरची चार्जिंग बंद ठेवा. गीझर दोन हजारांचा, त्याचं नावच काढू नका.

मोटर हा वेगळा प्राणी आहे. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट हे पाटीवरचं, वीज ती अकराशे-बाराशे खेचते, आणि सुरू होताना पाच-सहा पट करंट घेते. गच्चीवरच्या टाकीचा एक एचपीचा पंप तीन केव्हीएवर कधी उठतो, कधी जनरेटरच बसवतो. उठवायचाच असेल तर बाकी सगळं बंद करून, एकटा.

जनरेटर कुठे ठेवायचा

उघड्यावर. घराच्या कुठल्याही दार-खिडकीपासून किमान वीस फूट, धूर वाऱ्याने घराकडे येणार नाही अशा बाजूला. रो-हाउसमध्ये साइड मार्जिन एवढी नसते हे मला माहीत आहे. मग पुढच्या अंगणात, गेटजवळ. शेजाऱ्यांच्या खिडकीपासूनही वीस फूट, त्यांचीही फुप्फुसं आहेत. गॅरेजचं शटर अर्धं उघडं ठेवून आत चालवणं हा सगळ्यात घातक प्रकार. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस पित्त झालं समजून आडवा होतो. घरात दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी सुरू झाली तर आधी सगळे बाहेर, मग जनरेटर बंद, मग डॉक्टर. दोन-अडीच हजार रुपयांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, बेडरूमबाहेर लावा.

पावसात ताडपत्री थेट जनरेटरवर टाकू नका, सायलेन्सरवर चिकटते. चारी बाजूंनी मोकळं, वरून पत्रा, खाली विटांचा चौथरा. पेट्रोल भरायचं ते बंद करून, थंड झाल्यावर.

चालू-बंद करायचा क्रम

चेंजओव्हरजवळ लॅमिनेट केलेला कागद लावतो मी, मराठीत, मोठ्या अक्षरात. पुण्यात पाटी वाचली जाते, तेवढा एक फायदा आहे. लाइट गेली की छोट्या डीबीतले सगळे एमसीबी खाली, मग दांडा शून्यावर. केबल आधी इनलेटला, मग जनरेटरला. जनरेटर सुरू करायचा, चोक सोडायचा, दोन-तीन मिनिटं रिकामा पळू द्यायचा. व्होल्टमीटरवर व्होल्टेज २२० ते २४०च्या दरम्यान स्थिर दिसलं की दांडा दोनवर. मग एमसीबी एकेक करून, आधी फ्रिज, कारण सुरुवातीचा धक्का तोच देतो, मग पंखे, मग दिवे.

लाइट परत आली हे कळायला महावितरणच्या बाजूला एक इंडिकेटर दिवा लावून घ्या, नाहीतर शेजारच्या घरी उजेड दिसेपर्यंत तुमचं पेट्रोल जळत राहतं. दिवा लागला तरी पाच-दहा मिनिटं थांबा, लाइट बऱ्याचदा येऊन परत जाते. मग एमसीबी खाली, दांडा शून्यावर, तिथे क्षणभर थांबून एकवर, एमसीबी वर. जनरेटर दोन मिनिटं रिकामा चालवून बंद. आणि लाइट का गेली हे विचारायला १९१२ आहे, लाइनमनच्या शिडीखाली जाऊन विचारू नका.

काम ताब्यात घेताना मी हा क्रम स्वतः करून दाखवत नाही. घरातल्या सगळ्यात कमी उत्साही माणसाला करायला लावतो आणि गप्प उभा राहतो. लाइट जाते तेव्हा घरात नेमके आजोबा आणि कॉलेजातली मुलगीच असतात.

महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं लोडवर चालवा, लाइट असली तरी. नुसता पळवला तर बॅटरी-स्टार्ट, दोरी, कार्ब्युरेटर ठीक आहेत एवढंच कळतं, वायरिंगचं काही कळत नाही. ऑइल दर वेळी सुरू करण्याआधी काडीवर बघायचं. आणि ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत महिनोन्‌महिने राहिलं की जेट चोंदतो. मग जूनमधल्या पहिल्या वादळात दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते, आणि फोन पुन्हा मलाच येतो.